ग्रॅनडा हिल्स चार्टर : सरकारी शाळा स्वतंत्र होते म्हणजे नक्की काय होतं?

शेवंती

नमस्कार मंडळी. शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन फर्नांडो व्हॅलीत राहायला जातोय. लेक नववीत जाणार, म्हणजे इथल्या हिशेबाने हायस्कूलचं पहिलं वर्ष. घर शोधायला लागल्यापासून जो भेटेल तो एकच नाव घेतो : ग्रॅनडा हिल्स चार्टर हायस्कूल. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी तर "तिथे नंबर लागला की सुटलात" असं ज्या सुरात सांगितलं, त्या सुरात आमच्याकडे लग्न ठरल्याचं सांगतात.

मला पडलेले प्रश्न असे. शाळा सरकारी आहे, फी नाही, तरी लॉटरी असते म्हणतात. मग सरकारी कशी? दुसरं म्हणजे, ही साठ वर्षांहून जुनी शाळा आहे. आधी साधी सरकारी होती, मध्येच "चार्टर" झाली, म्हणजे पैसा सरकारी पण कारभार स्वतःचा. शाळेची पाटी बदलते की आतून काही बदलतं? आणि तिसरा प्रश्न पैशाचा. शाळेच्या हद्दीतलं घर महिना सहाशे डॉलरने महाग पडतंय. घ्यावं का?

माझं मत विचाराल तर सरकारी शाळेने आपापलं दुकान मांडणं मला तत्त्वतः पटत नाही. पण लेकीचा प्रश्न आला की तत्त्वं जरा गप्प बसतात. अनुभवी लोकांनी बोला.

टवाळ

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शाळेच्या धाग्याचं शतक ठरलेलं.

खडूसकाका

आधी एक दुरुस्ती. व्हॅलीला लोक उपनगर म्हणतात, पण ग्रॅनडा हिल्स लॉस एंजेलिस शहराच्या हद्दीतच आहे. महापौर तोच, पोलीस तेच.

टवाळ

काका, बोरिवलीसुद्धा मुंबईतच आहे की. तरी तिथला माणूस चर्चगेटला निघाला की "मुंबईला जाऊन येतो" म्हणतो.

व्हॅलीवाला

शेवंती, या भागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो. शाळेची गोष्ट या वस्तीच्या गोष्टीतून वेगळी काढता येत नाही.

१९२७ साली इथे "ग्रॅनडा" नावाने प्लॉट विकायला काढले, "हिल्स" मागाहून १९४२ ला जोडलं. तेव्हा सगळ्या संत्र्यालिंबांच्या बागा. दुसऱ्या महायुद्धानंतर बागा तोडून घरं उठली. लॉकहीड बरबँकला, रॉकेटडाइन कनोगा पार्कला, जनरल मोटर्सचा कारखाना व्हॅन नाइसला. त्यांच्या पगारावर एकमजली घरं, पुढे हिरवळ, मागे तलाव. पोरं झाली, पोरांना शाळा लागली. झेल्झा अव्हेन्यूवरची ही शाळा १९६० ला उघडली ती अशी. लॉस एंजेलिस युनिफाइड या अवाढव्य शिक्षण मंडळाच्या अनेक शाळांपैकी एक.

मग १९७८. कॅलिफोर्नियातल्या शाळांबद्दल बोलायचं तर हे वर्ष टाळता येत नाही. जूनमध्ये प्रॉप १३ हा लोकांनी थेट मतदानाने केलेला कायदा मंजूर झाला. मालमत्ता कर घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधला, आणि ती नोंदलेली किंमतही वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. घरमालक खूश. पण शाळा चालायच्या त्या याच करावर, त्यामुळे पैशाच्या चाव्या गावातून निघून सॅक्रामेंटोला राजधानीत गेल्या. त्याच वर्षी शाळांमधला वर्णभेद मोडायला मुलांना बसने शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायची सक्ती सुरू झाली. व्हॅलीतल्या गोऱ्या पालकांनी "बसटॉप" नावाची संघटना काढून याविरुद्ध रान उठवलं. तिची म्होरकी बॉबी फीडलर पुढे थेट अमेरिकेच्या संसदेत पोचली. १९८१ ला सक्ती उठली, पण तोवर पुष्कळ कुटुंबं खाजगी शाळांत किंवा शहराबाहेर निघून गेली होती.

१९९२ ला जनरल मोटर्सचा कारखाना बंद. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे नॉर्थरिजचा ६.७ चा भूकंप. ग्रॅनडा हिल्समध्ये बाल्बोआ बुलेवार्डवर गॅसची मोठी नळी फुटून पेटली आणि शेजारीच पाण्याची नळीही फुटलेली. रस्त्यावर पाणी वाहतंय आणि पाण्याच्या वर आगीचा लोळ, हे दृश्य टीव्हीवर जगाने बघितलं.

या सगळ्यातून व्हॅलीच्या लोकांच्या मनात एक गोष्ट बसली : आपण कर भरतो आणि निर्णय दूर डाउनटाउनमध्ये होतात. नोव्हेंबर २००२ मध्ये व्हॅलीचं वेगळं शहर करायचं का यावर मतदान झालं. व्हॅलीत निसटतं बहुमत "हो" ला मिळालं, पण मत साऱ्या शहराचं घ्यायचं होतं, तिथे ठराव आपटला. आणि २००३ मध्ये ही शाळा मंडळाच्या कारभारातून निघून स्वतंत्र चार्टर झाली. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. हवा मात्र तीच होती.

टवाळ

म्हणजे वेगळा विदर्भ नाही मिळाला, तर निदान सीताबर्डीची शाळा तरी वेगळी करून घेतली!

ऑरेंजसिटी

टवाळ, संत्र्याच्या बागा, राजधानी लांब, निर्णय दुसरीकडे... व्हॅलीवाल्यांची पोस्ट वाचताना मला गावी गेल्यासारखंच वाटलं. फक्त आमच्याकडे बागा अजून आहेत.

चौकस

व्हॅलीवाला, छान माहिती. पण "शाळा निघाली" म्हणजे कोण निघालं? इमारत कोणाची, शिक्षक कोणाचे? मुख्याध्यापक एका सकाळी उठून "आम्ही स्वतंत्र" म्हणू शकतात का?

अमृता_कु

मी लॉस एंजेलिस युनिफाइडच्या एका साध्या (चार्टर नसलेल्या) शाळेत गणित शिकवते आणि युनियनची सभासद आहे. तेव्हा माझा चष्मा कुठला ते आधीच सांगून ठेवते.

मुख्याध्यापकाच्या मनावर नसतं. चालू सरकारी शाळेला चार्टर व्हायचं असेल तर तिथल्या कायम शिक्षकांपैकी निम्म्यांच्या तरी सह्या लागतात. कोरी नवी शाळा काढायची असेल तर पालकांच्या सह्याही चालतात, पण असलेल्या शाळेच्या बाबतीत कळ शिक्षकांच्या हातात. सह्या, मग भलामोठा प्रस्ताव (काय शिकवणार, कसं मोजणार, पैसे कसे सांभाळणार, मुलं कशी घेणार), आणि तो मंजूर कोण करणार? तर ज्या मंडळातून बाहेर पडायचं तेच मंडळ. मंजुरी साधारण पाच वर्षांची. मुदत संपली की पुन्हा परीक्षा.

इमारत मंडळाचीच राहते. मुलांमागे राज्याकडून येणारा पैसा मात्र मंडळाच्या तिजोरीत न जाता शाळेकडे येतो आणि शाळेचं संचालक मंडळ तो कुठे खर्चायचा ते ठरवतं. वेळापत्रक, पुस्तकं, नेमणुका, सगळं तिथेच. पूर्वी फळ्याच्या दुरुस्तीचा अर्ज मंडळाच्या कुठल्या तरी खात्यात फिरत राहायचा, आता शाळेतला माणूस सुताराला फोन करतो. हा फरक शिक्षकाला रोज जाणवतो आणि तो खरा आहे, हे मी युनियनची असूनही मान्य करते. ग्रॅनडा हिल्सचे शिक्षक चार्टर झाल्यावरही आमच्याच युनियनमध्ये, यूटीएलएमध्ये राहिले. बहुतेक चार्टर शाळांत युनियन नसते, त्यामुळे ही शाळा सरसकट उदाहरण म्हणून वापरू नका.

शेवंती, तुमच्या लॉटरीच्या प्रश्नाचं उत्तर : चार्टर झालेल्या जुन्या शाळेला तिच्या जुन्या हद्दीतल्या मुलांना आधी घ्यावंच लागतं, तसा कायदा आहे. लॉटरी उरलेल्या जागांची. नव्या चार्टरला बहुधा अशी हद्द नसते, तिथे अर्ज जास्त आले की सरळ लॉटरीच.

शेवंती

अमृताताई, हे एकाही वेबसाइटवर इतकं सोपं करून मिळालं नव्हतं. आभार!

क्रीडाप्रेमी

एवढं लिहिलंत आणि अमेरिकन फुटबॉलवाल्या जॉन एल्वेचं नाव नाही? शाळेचं मैदान त्याच्या नावाचं आहे हो. वडील नॉर्थरिजच्या कॉलेजात फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आले आणि पोरगा या शाळेत. १९७९ च्या बॅचचा. पुढे डेन्व्हर ब्रॉन्कोज, दोन सुपर बोल वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट : १९७९ ला शहराच्या बेसबॉल अजिंक्यपदाचा सामना डॉजर स्टेडियमवर झाला. समोर क्रेनशॉ हायस्कूल, त्यांच्याकडे पुढे बेसबॉलचा तारा झालेला डॅरिल स्ट्रॉबेरी. जिंकली ग्रॅनडा हिल्स, आणि त्यात एल्वे मध्येच चेंडू टाकायला आला होता. एकाच शाळकरी सामन्यात पुढचे एवढे मोठे दोन खेळाडू!

खडूसकाका

अवांतर सुरू झालं. चाललंय ते चालू द्या.

मंजिरी_वेस्टहिल्स

शेवंती, माझा मोठा मुलगा याच शाळेतून बाहेर पडला. आम्ही हद्दीबाहेरचे, लॉटरीतून. यादी लागली त्या संध्याकाळी नाव नव्हतं, प्रतीक्षा यादीत होतं. मग शाळा सुरू व्हायच्या थोडं आधी फोन आला.

पहिली गोष्ट, शाळा प्रचंड आहे. साडेचार हजारांच्या आसपास मुलं एका आवारात. मधल्या सुट्टीची घंटा झाली की जे लोंढे निघतात ते बघून मला दादर स्टेशनचा पूल आठवला. पोरगं पहिले काही आठवडे तासाच्या खोल्या शोधत फिरायचं. पण एवढ्या गर्दीत प्रत्येकाला आपला कोपरा सापडतो असं मी बघितलं. आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) आहे, तांत्रिक विषयांचा गट आहे, वाणिज्याचा आहे, काही काळ निम्मं ऑनलाइन निम्मं वर्गात असाही एक प्रकार होता. आता तर बालवाडीपासून आठवीपर्यंतचे वर्गही डेव्हनशायर स्ट्रीटवर काढलेत. कोरियन, फिलिपिनो, लॅटिनो, अर्मेनियन, आपले देशी, सगळ्यांची पोरं असतात.

आणि एल्वेपेक्षा जास्त अभिमानाची गोष्ट म्हणजे अकॅडेमिक डेकॅथलॉन. २०११, २०१२, २०१३ अशी सलग तीन वर्षं शाळा देशात पहिली आली. या स्पर्धेची रचना मला फार आवडते. संघात नऊ मुलं. त्यातली तीन ए ग्रेडची, तीन बी ग्रेडची आणि तीन त्याहून खालच्या, सी ग्रेडची घ्यावी लागतात. दहा प्रकार, त्यात लेखी परीक्षांबरोबर निबंध, भाषण आणि मुलाखतसुद्धा. फक्त स्कॉलर पोरं गोळा करून जिंकता येत नाही. ज्याला वर्गात कंटाळा येतो, गृहपाठ देत नाही, पण डोकं चालतं, असा मुलगा शोधून काढावा लागतो. मुलाच्या वर्गातला असाच एक जण संघात गेला. त्याची आई सांगायची की कधी नव्हे तो शनिवारी स्वतःहून उठून शाळेत जातो.

टवाळ

सी ग्रेडच्या पोरासाठी राष्ट्रीय स्पर्धेत राखीव जागा! आमच्या वेळी असतं तर मीपण देशात पहिला असतो.

चौकस

बारकावा : साडेचार हजार मुलांची शाळा असेल तर असा "सी ग्रेडवाला हुशार" सापडणं चारशेच्या शाळेपेक्षा सोपंच. हे चार्टरचं यश की आकाराचं?

मंजिरी_वेस्टहिल्स

चौकस, अगदीच चुकीचं नाही. पण व्हॅलीत मोठ्या शाळा इतरही आहेत. वुडलँड हिल्सची एल कॅमिनो रिअल या स्पर्धेत आमच्या आधीची दादा, २०१० आणि २०१४ ची विजेती. तीही २०११ मध्ये चार्टर झाली. म्हणजे ती जिंकत होती साधी सरकारी शाळा असल्यापासून. आता तुम्हीच ठरवा.

अमृता_कु

मंजिरीने माझंच काम केलं. चांगल्या वस्तीतली चांगली शाळा चार्टर झाली आणि चांगलीच राहिली, यात चार्टरचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही.

आता दुसरी बाजू. २००३ च्या आसपास लॉस एंजेलिस युनिफाइडमध्ये साडेसात लाखांच्या जवळपास मुलं होती. शाळा इतक्या तुंबलेल्या की काही ठिकाणी बारा महिने पाळ्या लावून वर्ग भरायचे. तेव्हा चार्टर वाढल्या तर मंडळालाही हायसं वाटायचं. आज मुलं चार लाखांच्या आसपास आहेत. जन्मदर घटला, घरं परवडेनात म्हणून लोक निघून गेले, आणि वर चार्टर. पैसा मुलामागे जातो, पण अर्धा वर्ग रिकामा झाला म्हणून अर्धा शिक्षक कमी करता येत नाही, बॉयलरचा खर्च अर्धा होत नाही. जानेवारी २०१९ मध्ये आम्ही सहा शाळा-दिवस संप केला, पावसात छत्र्या घेऊन. चार्टरच्या वाढीला आळा घाला ही त्यातली एक मागणी होती. त्याच वर्षी राज्याने कायदा बदलला. नवी चार्टर मंजूर करताना मंडळाच्या तिजोरीवर काय परिणाम होईल, हे आता बघता येतं.

मास्तर

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मुलगा कॅलिफोर्नियात असल्याने नातवाच्या शाळेत जाणं होतं. हा धागा मोठ्या उत्सुकतेने वाचला.

मला यात नवं काही फारसं वाटलं नाही, हे नम्रपणे सांगतो. संस्था खाजगी, पगार सरकारचा, फी नाममात्र, दारं सगळ्यांना उघडी, हा प्रयोग महाराष्ट्रात फार जुना. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा चार्टर हा प्रकार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. फरक असा की इथे शाळेला एकरकमी पैसा देतात आणि म्हणतात खर्च तुमचा तुम्ही बघा. आमच्याकडे पगार थेट शिक्षकाच्या खात्यात आणि बाकी सगळ्याची परवानगी. संचमान्यता (मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरवणं) झाली की एक तुकडी कमी, एक शिक्षक "अतिरिक्त", त्याचं समायोजन होईपर्यंत वर्ग कोण घेणार याचं उत्तर नाही. नवी भरती पवित्र पोर्टलवरून, तिची वाट बघायची. वेतनेतर अनुदान म्हणजे खडू, वीज, पाणी यांचे पैसे. ते किती आणि कधी येतील हे विचारूच नका. जबाबदारी संस्थेची आणि अधिकार शिक्षणाधिकाऱ्याचा, अशी आमची गत.

दुसरी गोष्ट, नातवाच्या शाळेतून समजली. कॅलिफोर्नियात पैसे पटावर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतात. पोरगं आजारी पडून घरी राहिलं तरी शाळेचं उत्पन्न बुडतं. म्हणून गैरहजर राहिलं की दहा मिनिटांत घरी फोन. मला २०११ ची पटपडताळणी आठवली. तीन दिवस राज्यभर शाळाशाळांत जाऊन मुलं मोजली आणि कागदावरची किती पोरं प्रत्यक्षात नव्हतीच ते उघड झालं. आम्ही आयुष्यभर पटाच्या मागे धावलो, इथले हजेरीच्या मागे धावतात.

व्हॅलीवाला

मास्तर, एक नंबर प्रतिसाद. तुमच्या "जबाबदारी संस्थेची, अधिकार दुसऱ्याचा" यावरूनच तर चार्टरची कल्पना निघाली. अमृता, गंमत बघ, ती उचलून धरणारा माणूस युनियनचाच होता. अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्सचे अध्यक्ष आल्बर्ट शँकर यांनी १९८८ च्या भाषणात मांडलं की शिक्षकांच्या गटाला आपल्याच शाळेत वेगळा प्रयोग करायची मोकळीक द्या. रे बड नावाच्या प्राध्यापकाने तशी मांडणी आधी केली होती. १९९१ ला मिनेसोटाने पहिला कायदा केला, पहिली शाळा १९९२ ला सेंट पॉलमध्ये उघडली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला. सुरुवातीला राज्यभर फक्त शंभर शाळांना परवानगी होती. १९९८ ला ती मर्यादा वाढवायला जे लोक पुढे आले त्यांत नेटफ्लिक्सचा रीड हेस्टिंग्जही होता.

अमृता_कु

आणि तेच शँकर पुढे काही वर्षांत चार्टरचे टीकाकार झाले, हे सोयीस्करपणे गाळलंस :) शिक्षकांच्या हातात द्यायला निघालेली गोष्ट कंपन्यांच्या हातात जाताना दिसली त्यांना.

फिनिक्सकर

कंपन्यांचा विषय निघाला म्हणून आमच्या अॅरिझोनाची भर. इथला कायदा १९९४ चा आणि अगदी मोकळाढाकळा. मंजुरी पंधरा वर्षांची. चार्टरमध्ये शिक्षकाला राज्याचं प्रमाणपत्र लागत नाही. नफ्यासाठी शाळा चालवायलाही हरकत नाही. कॅलिफोर्नियाने नफेवाल्यांना २०१९ पासून बंदी घातली.

आपल्या लोकांत इथे बेसिस या चार्टर शाळांच्या साखळीचं नाव. मायकेल आणि ओल्गा ब्लॉक या अर्थशास्त्रज्ञ जोडप्याने १९९८ मध्ये टूसॉनला पहिली शाळा काढली. २०१८ च्या यूएस न्यूजच्या उत्तम हायस्कूलांच्या यादीत देशातल्या पहिल्या पाचही शाळा बेसिसच्या, पाचही अॅरिझोनातल्या. चँडलरला इंटेलमुळे एवढे देशी आहेत की पालकसभेला जावं तर गणेशोत्सवाच्या मीटिंगला आल्यासारखं वाटतं. पण ती शाळा म्हणजे ग्रॅनडा हिल्सच्या बरोबर उलट. कोरी, लहान, एपीच्या (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षांवर उभी. पहिल्या वर्गात जेवढी पोरं असतात त्यांतली किती बारावीपर्यंत टिकतात हा प्रश्न तिच्याबद्दल कायम विचारला जातो. ग्रॅनडा हिल्सला सगळ्या हद्दीचं पोर घ्यावं लागतं.

मोकळीक वाईटही जाते. आम्ही आधी धाकटीला एका नव्या चार्टरमध्ये घातलं होतं, नाव नको. वर्षाच्या मध्यात एका शुक्रवारी ईमेल आली की सोमवारपासून शाळा नाही. पोरीचं दप्तर वर्गातच राहिलं होतं.

खडूसकाका

"देशातली सर्वात मोठी चार्टर" असं ग्रॅनडा हिल्सबद्दल कुठेकुठे छापलेलं असतं, त्यावर मीठ टाकून घ्या. एका आवारातली म्हणत असाल तर बोला. ऑनलाइन चार्टर यापेक्षा कितीतरी मोठ्या. ओहायोची इकॉट पंधरा हजारांच्या वर मुलं दाखवायची. राज्याने तपासायला घेतलं की यातली किती मुलं खरोखर लॉग-इन करतात, आणि हिशेब काही जमेना. जानेवारी २०१८ मध्ये भर वर्षात बंद पडली. मास्तर, तुमची पटपडताळणी इथेही झाली बरं!

मास्तर

काका, माणसं सगळीकडे सारखीच. आमच्याकडे नदीपलीकडच्या वस्तीवरची पोरं कागदावर यायची, इथे संगणकात येतात.

रीडर_न्यूजर्सी

आमच्याकडे चार्टर आहेत, पण उपनगरांत फारसं कोणी बोलत नाही. तिथे लॉटरी घराच्या किमतीत आधीच लागलेली असते. एडिसन, वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो... शाळेचं नाव बघून लोक घर घेतात, मालमत्ता कर बघून रडतात, आणि धाकटं पोर बारावी झालं की घर विकायला काढतात. याला "सरकारी" म्हणायचं आणि चार्टरच्या लॉटरीला नावं ठेवायची, हे मला ढोंग वाटतं.

अमृता_कु

हे मात्र खरं. ढोंग दोन्हीकडे आहे.

पुणेकर_पालक

लॉटरीवर आमच्याकडची भर. आरटीईच्या २५ टक्के जागांची ऑनलाइन सोडत आम्ही दरवर्षी बघतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम काढला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागा द्यायला नकोत. पालक कोर्टात गेले आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. त्या मधल्या काळात आमच्या सोसायटीतल्या वॉचमनच्या पोरीचा अर्ज भरला, मग रद्द झाला, मग पुन्हा भरला. भाडेकराराची प्रत, उत्पन्नाचा दाखला, नकाशावर घराचा लाल ठिपका कुठे टाकायचा यावरून नेट कॅफेवाल्याशी भांडण. तुमच्याकडेही पत्त्याचा पुरावा एवढा बघतात का?

मंजिरी_वेस्टहिल्स

बघतात तर! हद्दीतला म्हणून प्रवेश हवा असेल तर वीजबिल, भाडेकरार वगैरे सगळं द्यावं लागतं. मावशीच्या पत्त्यावर नाव लावायची युक्ती इथल्याही लोकांना ठाऊक आहे.

टवाळ

मावशी हे जागतिक संस्थान आहे.

चौकस

शेवटी आकडे कोणी देईल का? चार्टरमध्ये पोरं जास्त शिकतात की नाही?

व्हॅलीवाला

स्टॅनफर्डच्या क्रेडो गटाचा २०२३ चा अहवाल सर्वांत मोठा. सारख्या पार्श्वभूमीच्या मुलांची तुलना केली तर चार्टरची मुलं सरासरीने वाचनात वर्षाला १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे. म्हणजे फायदा आहे, पण डोळे दिपावेत असा नाही. ऑनलाइन चार्टर तर फारच मागे. आणि सरासरीत उत्तम आणि भिकार दोन्ही लपतात, त्यामुळे शेवंतीला तिच्या शाळेबद्दल यातून काही कळणार नाही.

अमृता_कु

स्वायत्ततेवर लक्ष कोण ठेवतं हा प्रश्न या आकड्यांत येतच नाही. मंजिरीने एल कॅमिनो रिअलचं नाव घेतलं. २०१६ मध्ये तिथल्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या क्रेडिट कार्डावर केलेल्या खर्चावरून वर्तमानपत्रांत गाजलं, मंडळाने नोटीस काढली आणि त्यांना जावं लागलं. शाळा टिकली, चांगली चालते. पण खर्च बाहेर यायला पत्रकार लागले.

व्हॅलीवाला

मान्य. फक्त मंडळाच्या कारभारातले घोटाळे बाहेर यायलाही पत्रकारच लागतात, एवढं जोडतो.

शेवंती

बाप रे, दोन दिवस इकडे फिरकले नाही तर केवढं झालं. सगळं वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो मास्तरांच्या प्रतिसादावर फिदा आहे. त्याचे वडीलही "अतिरिक्त" ठरले होते.

तत्त्वाचं म्हणाल तर मी होते त्याच जागी आहे, फक्त आता समोरच्या बाजूचं म्हणणं नीट कळलं. पण सहाशे डॉलरचं काय? त्याचं कोणी बोललंच नाही!

मंजिरी_वेस्टहिल्स

बोलते. आधी शाळेच्या ऑफिसात फोन कर. ज्या घराचं बघताय त्याचा पूर्ण पत्ता दे आणि हद्दीत येतो का ते विचार. घरदलाल "ग्रॅनडा हिल्स" म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नकोस, त्याच वस्तीत केनेडी हायस्कूलही आहे आणि काही रस्ते तिकडे जातात. लॉटरीची मुदत बहुधा उलटून गेली असेल, पण प्रतीक्षा यादीत नाव घेतात का तेही त्याच फोनमध्ये विचार. आणि लेकीला काय हवंय ते बघ. गर्दीत खुलणारी असेल तर हद्दीतलं घर घे. बुजरी असेल तर सहाशे डॉलर वाचव, जवळपास लहान मॅग्नेट शाळा (एखाद्या विषयावर भर देणाऱ्या सरकारी शाळा) आहेत.

शेवंती

बुजरी तर मुळीच नाही. काल डेकॅथलॉनचं वाचून म्हणाली, "आई, मी सी ग्रेडमध्ये बसते ना?"

टवाळ

घर घ्या वहिनी. पोरगी संघात गेली समजा.

खडूसकाका

भाडेकरारावर सही करायच्या आत तो फोन कराच. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या, नाहीतर लाइन लागत नाही.